परग्रहावरचं 'शे'

पृथ्वीवर जन्म घेऊन पृथ्वीचा इतका कमी उपयोग करून घेणारा माणूस आमच्या साडूभाऊंसारखा दुसरा झाला नसेल. हे गृहस्थ फैजपूरला राहतात, पण तिथे फक्त त्यांचं शरीर असतं. जीव कुठेतरी शनीच्या पलीकडे अडकलेला असतो, आणि बायकोने "गॅस संपला" म्हटलं की "कोणता, हेलियम?" असं विचारतात. ते विज्ञानकथा लिहितात. खान्देशात लोक कापूस लावतात, केळी लावतात, हौस म्हणून फार तर ग्रामपंचायतीला उभे राहतात. विज्ञानकथा लिहिण्याची बुद्धी या एकाच माणसाला झाली, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा निघाला.

पोटापाण्यासाठी ते केळी पिकवण्याच्या केंद्राचे मॅनेजर आहेत. म्हणजे हिरव्या केळीचे क्रेट मोठमोठ्या थंड खोल्यांत रचायचे, गॅस सोडायचा, आणि पिवळी झाली की ट्रकमध्ये चढवायची. या थंड खोल्यांना ते 'यान' म्हणतात. गॅस सोडलेला नसेल तेव्हा क्रेटच्या भिंतीआड टेबल टाकून तिथेच लिहीत बसतात. त्यामुळे वैशाखात जेव्हा अख्खा जळगाव जिल्हा ओले पंचे डोक्यावर घेऊन फिरतो, तेव्हा आमचे साडूभाऊ लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी घालून फैजपूरच्या रस्त्यावर दिसतात. नवखा माणूस घाबरून बाजूला होतो. बाहेर केळी धुण्याचे हौद असल्यामुळे तिथली हवा कायम दमट असते. ते यानातून बाहेर पडले की चष्म्यावर अशी वाफ धरते की काही दिसत नाही, आणि त्या अवस्थेत समोर जे असेल त्याला ते नमस्कार करतात. एकदा त्यांनी वजनकाट्याला नमस्कार करून त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली होती. माझं धुळ्याला चष्म्याचं दुकान आहे. वाफ न धरणारी काच आणा म्हणून ते माझ्या मागे लागलेले असतात, आणि अशी काच मिळाली तर त्यांच्या ओळखी कमी होतील म्हणून मी ती आणत नाही.

माणूस कुठेही न्या, तो मनाने अवकाशातच असतो. लग्नाच्या पंगतीत वरण-बट्टी वाढायला सुरुवात झाली की हे शेजारच्याला विचारणार, "गुरुत्वाकर्षण नसेल तर हे वरण कुठे जाईल, सांगा पाहू?" शेजारचा बिचारा भुकेला असतो, तो म्हणतो, "पोटात." यावर साडूभाऊ समाधानाने मान हलवतात आणि सांगतात की अंतराळात न्यायला एकच पदार्थ लायक आहे, तो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, कारण ते वाटीला धरून राहतं. नातेवाइकांची नावं त्यांनी ग्रहांना वाटून टाकली आहेत. माझ्या नावाच्या ग्रहावर पाणी नाही आणि तिथले रहिवासी सारखे हिशेब करत असतात. दुकानात आले की गिऱ्हाइकाच्या हातात आपल्या कथेचं बारीक टायपातलं पान देतात आणि म्हणतात, "हे वाचा, म्हणजे नंबर कळेल." एक म्हातारे पान संपेपर्यंत वाचत राहिले आणि म्हणाले, "दिसतं सगळं, समजत काही नाही." त्यांना नंबर कोणता द्यायचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर अशा या माणसाने आयुष्यभर खपून एक कादंबरी लिहिली. तिचा नायक कॅप्टन धवल. गोरापान, घारे डोळे, उंची दारात वाकावं लागेल इतकी. तो यान घेऊन 'कृष्णग्रहा'वर उतरतो. तिथले लोक काळेकुट्ट, कुरळ्या केसांचे, डोक्याला पिसं खोवलेले, हातात भाले. ते कॅप्टनला देव समजतात, फळं आणून देतात आणि शेकोटीभोवती नाचतात. मग कॅप्टन त्यांना शेती शिकवतो. ही हकिगत मला प्रथम ऐकवली तेव्हा मी साडूभाऊंकडे नीट पाहिलं. आमचे साडूभाऊ रंगाने, काय सांगू, अंधारात फक्त चष्मा दिसावा असे आहेत. मी विचारलं, "कॅप्टन गोरा का हो?"

"भाऊ, अंतराळात ऊन नसतं. माणूस उजळतो."

"आणि ते लोक काळे का?"

"त्यांच्या ग्रहाला दोन सूर्य आहेत."

"मग आपण? आपल्याला तर एकच आहे."

"जळगावचं ऊन वेगळं," असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

आधी हे परग्रहवासी हिरवे होते. पण केंद्रातले हमाल म्हणाले, साहेब, हे तर आपले कच्चे घड वाटतात, म्हणून रंग बदलला. रंगाचं त्यांना मुळी काही वाटतच नसे. "रंग म्हणजे काय हो," असं ते एरवी सांगत, "गॅस आणि तापमान! आज हिरवं, परवा पिवळं, आठवड्याने काळं. आतलं केळं तेच." हे तत्त्वज्ञान ऐकायला इतकं बरं वाटायचं की मग कॅप्टनला कोणता गॅस दिला होता, हे विचारायचं राहूनच जाई. आता मागे वळून पाहिलं की वाटतं, त्या कादंबरीत नाच सातपुड्यातल्या होळीवरून घेतला होता, भाषा सासरवाडीची होती आणि रंग स्वतःचा. कॅप्टनचं मात्र काहीच घरचं नव्हतं.

भाषा सासरवाडीची, हे जरा उलगडून सांगायला हवं. आमचं सासर नरडाण्याजवळच्या एका खेड्यात. तिथे घरोघर अहिराणी बोलतात. 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'सगळे'ला 'बठ्ठा', 'का'ला 'काबर' आणि 'इथे'ला 'आठे' म्हणतात, आणि प्रेमाने बोलले तरी नवख्याला भांडण चाललंय असं वाटतं. फैजपूरकडची बोली वेगळी. तिथे 'हाये' म्हणतात. साडूभाऊंनी आपल्या काळ्या परग्रहवासीयांच्या तोंडी हे 'शे' घातलं होतं. यानातली मंडळी मात्र पुस्तकातलं मराठी बोलत. साडूभाऊ स्वतः तसं मराठी दोन वाक्यांपुढे बोलू शकत नाहीत, तिसऱ्याला 'मले' येतंच.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. पुण्याच्या एका प्रकाशन संस्थेला कादंबरी आवडली. तिथल्या संपादक बाईंचा फोन आला. वयाने लहान असाव्यात, कारण फार आदराने बोलत होत्या. त्या फोननंतर साडूभाऊ थेट धुळ्याला आले. एप्रिलचा महिना, बाहेर डांबर वितळतंय, आणि हे स्वेटरसकट माझ्या दुकानात.

"भाऊ, ती बाई म्हणते, परग्रहावरच्या लोकांचं ते 'शे' फार गोड आहे, आणखी घाला."

"मग घाला की."

"लगेच पुढे विचारते, सर, ही बोली तुमची आहे का? मी म्हटलं, घरात बोलतात. कोण बोलतं? म्हटलं, मिसेस, फोनवर. तर म्हणते, मग त्यांना विचारलंय का? हल्ली वाचक विचारतात म्हणे, कुणाची भाषा कुणी घेतली, परग्रहावरचे काळे का. आता मले सांगा, नवऱ्याने बायकोची भाषा वापरायला परवानगी लागते? मी तिचा टॉवेल वापरतो."

मी विचारात पडलो. टॉवेल आणि भाषा यांत फरक आहे इतकं मला जाणवत होतं, पण तो कोणता ते सांगता येईना. शिवाय घालायचं म्हणावं तर विचारायला सांगतात, विचारावं तर आणखी घालायला सांगतात. शेवटी मी व्यवहारी सल्ला दिला. भाषा बेबीची एकटीची थोडीच, ती तिच्या माहेरची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे जमणारच आहोत, तेव्हा आबांनाच विचारून टाका. बेबी म्हणजे साडूभाऊंची बायको. पन्नाशीला आली, पण धाकटी म्हणून बेबीच राहिली. आबा म्हणजे आमचे सासरे. नव्वदीकडे झुकलेत, कान अजून शाबूत आहेत, आणि त्याचा उपयोग ते लोकांना हवा असतो त्यापेक्षा जास्त करतात.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. निंबाला झोका बांधतात, गाणी म्हणतात, आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आणि जावई खाऊन खाऊन निजायच्या बेताला येतात. त्या दुपारी आबा निंबाखाली खाटेवर होते. माझी बायको, जिला सगळे अक्का म्हणतात, ती ओट्यावर सुपारी कातरत होती. बेबी झोक्यावर. साडूभाऊ उठले, स्वेटरची बटणं लावली आणि मुलगी मागायला आल्यासारखे आबांसमोर उभे राहिले.

"आबा, मला तुमची भाषा पाहिजे."

आबांनी त्यांना खालून वर पाहिलं. "आंडेर दिनी तुमले," ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. "आते भाषाबी पाह्यजे का?"

"वापरायला, आबा."

"वापरीसन परत करशात का?"

सगळे हसले. साडूभाऊंनी तो होकार धरला आणि वाचायला सुरुवात केली. कृष्णग्रहाचा प्रमुख कॅप्टन धवलच्या पायाशी भाला ठेवतो आणि म्हणतो, "हे देवा, तू आकाशातून आला शे. आम्ही तुझी वाट पाहत शे. आमच्याकडे गोड फळे शे."

अक्काच्या हातातला अडकित्ता थांबला. "अशे कोन बोलस व माय?"

खरं सांगायचं तर तो प्रकार मलाही तेव्हाच प्रथम लक्षात आला. साडूभाऊंनी अहिराणी लिहिली नव्हतीच. पुस्तकी मराठीच्या प्रत्येक वाक्याला शेपूट म्हणून 'शे' चिकटवलं होतं. आमच्याकडे बाहेरून आलेला प्रत्येक माणूस ही चूक करतो. तलाठी करतो, नवे मास्तर करतात, मतं मागायला आलेले तर हमखास करतात. "मी जेवलो शे, मी येणार शे." ऐकणारा हसतो, आणि बोलणाऱ्याला वाटतं आपण याला आपलंसं केलं. अक्का शिकवायला लागली, "आभायमातून उना, अशे म्हना. आम्हीन तुनी वाट देखी राह्यनूत, अशे म्हना." आबाही एकेक शब्द सुधारू लागले. साडूभाऊ खुशीत होते, इतका श्रोतृवर्ग त्यांना पूर्वी कधीच मिळाला नव्हता. त्या भरात त्यांनी पुढचं वर्णन वाचलं. काळी कातडी, जाड ओठ, अंगावर झाडाची पानं, डोळ्यांत भीती, आणि देवाला पाहून आनंदाने नाचणं.

झोका थांबला. बेबीने पाय जमिनीला टेकवले होते.

"मंग त्या रॉकेटमा बसेल माणसे पुस्तकनं काबर बोलतस?" तिने विचारलं. "त्यासले घर नही का?"

साडूभाऊंनी चष्मा वर केला. "बेबी, ते शास्त्रज्ञ आहेत."

"आनि 'शे' म्हननारानाच हातमा भाला काबर? आम्हीनच काबर नाचानं?"

"अगं, सन्मान आहे तो! तुझी भाषा मी आकाशगंगेत नेली."

बेबी उठली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "इतला वरीस भिंतनामांगे बशीसन मनं बोलनं आयकं तुम्हीन. नि तुमले त्यामातून तेवढं एक 'शे' आयकू उनं?"

साडूभाऊ कागद हातात धरून उभे होते. आबा डोळे मिटून पडले होते, पण झोपले नव्हते. बेबी आत गेली आणि भांडी घासायला बसली. सणाच्या दिवशी माहेरवाशिणीला भांडी घासू देत नाहीत, पण त्या दिवशी तिला उठवायला कुणी गेलं नाही.

भिंतीमागचं बोलणं म्हणजे काय, हे मला अक्काने परतताना बसमध्ये सांगितलं. बेबी लग्न होऊन फैजपूरला गेली तेव्हा तिथल्या बायका तिच्या 'शे'ला हसत. पाणी भरायला गेली की मागून "शे, शे" करत. सासूने प्रेमानेच सांगितलं होतं, "बाई, ते शे-शे इथी नको करू, लोक नावं ठेवतात." तेव्हापासून तिने घरात तिकडची बोली उचलली. स्वतःची ठेवली ती फक्त फोनपुरती. अक्काशी आणि आबांशी, मधल्या खोलीत, दार लोटून. आणि भिंतीपलीकडे बसून हा शहाणा माणूस ते ऐकत होता आणि शनीच्या पलीकडे पाठवत होता.

आखाजीनंतर आठवडाभरात एके सकाळी अक्का फोन ठेवून माझ्यापाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. "बेबीले इचारं, कशी शे? ती म्हने, 'मी बरी आहे.'"

"मग बरंच झालं की."

"अहो, 'आहे' म्हने ती. माले! म्हंजे बरी नही शे."

बेबीने 'शे' सोडलं होतं. बहिणीशी, बापाशीसुद्धा ती आता पुस्तकातलं बोलू लागली. आबा फोनवर दोन शब्द बोलून "कोन्ही बँकवाली बाई शे" म्हणून फोन ठेवून देऊ लागले. पहिल्यांदा आम्हाला हसू आलं. दुसऱ्यांदा आलं नाही. माणूस घरात असून घर सोडून गेल्यावर जसं होतं तसं झालं. मला बेबीचा राग येईना आणि साडूभाऊंचाही येईना. कुणाचा तरी यायला हवा, इतकं नक्की वाटत होतं.

मग साडूभाऊ पुन्हा दुकानात आले. या वेळी स्वेटर उलटा घातला होता आणि गिऱ्हाइकाच्या हातात कोणतंही पान दिलं नाही. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "भाऊ, भिंतीपलीकडून आता 'आहे' ऐकू येतं. मला झोप येत नाही." थोड्या वेळाने त्यांनी मला आपण बेबीला पाहायला गेल्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती.

त्या दिवशी ते नरडाण्याच्या स्टेशनवर उतरून बैलगाडीने गावात आले. ओट्यावर बसवलं. गावची पोरं भोवती जमून त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, आणि कुणी काय बोलतंय ते यांना धड कळत नव्हतं. आतून एका म्हातारीचा आवाज आला, "पोरगा चांगला शे, पण काया शे." आता 'काया' म्हणजे काळा, हे फैजपूरकडेही तसंच म्हणतात. ते त्यांना आयुष्यभर ऐकून पाठ होतं. 'शे' म्हणजे काय तेवढं कळलं नाही. फैजपूरच्या माणसाला 'शे' माहीत नसावं हे मला आजही पटत नाही, पण ते शपथेवर सांगतात की आपल्याला माहीत नव्हतं. त्यांनी अंदाज केला, 'शे' म्हणजे 'नाही'. म्हणजे, पोरगा चांगला नाही, पण काळा नाही. "भाऊ," ते म्हणाले, "चांगला नाही म्हणाले त्याचं मला काही वाटलं नाही. पण काळा नाही असं म्हणणारं घर मले जन्मात पहिल्यांदा भेटलं होतं. मी तिथंच ठरवलं, सोयरीक इथंच."

लग्नानंतर हे त्यांनी बेबीला सांगितलं. नव्या घरात आल्यापासून ती गप्प गप्प असे. ते ऐकून ती इतकी हसली की सासू धावत आली. मग तिने खरा अर्थ सांगितला. आणि हेही सांगितलं की म्हातारी तसं म्हणाल्यावर आतून ती स्वतः काय म्हणाली होती. ती म्हणाली होती, "शे ते शे." आहे तर आहे.

"मग साडूभाऊ," मी विचारलं, "त्या गावात परका म्हणून काळा माणूस उतरला होता तो तुम्ही. पाहणारे ते. मग कादंबरीत उतरणारा गोरा का केलात?"

या वेळी त्यांनी दोन सूर्यांचं काही सांगितलं नाही. "उतरणारा गोराच असतो, भाऊ," ते म्हणाले. "मी वाचलेल्या बठ्ठ्या पुस्तकांत तसंच होतं. मले दुसरं सुचलंच नाही." 'बठ्ठ्या' हा शब्द त्यांच्या तोंडून कसा गेला ते त्यांनाही कळलं नसावं. मी त्यांचा चष्मा घेऊन पुसून दिला.

त्यानंतर त्यांनी कादंबरी उलटी केली. यानातली मंडळी अहिराणी बोलू लागली आणि परग्रहावरचे लोक पुस्तकी मराठी. संपादक बाईंनी वाचून फोन केला. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकलं. त्या फार अडखळत बोलत होत्या. "सर, हेतू चांगला आहे. पण अंतराळवीर असं बोलतील हे वाचकांना पटणार नाही. विनोदी वाटेल."

"परग्रहावरचे बोलत होते तेव्हा पटलं होतं ना, मॅडम?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मलाही कळत नाहीये, सर. मी वरिष्ठांशी बोलते." बाई मनाने चांगल्या असाव्यात. पण वरिष्ठांचं बोलणं अजून झालेलं दिसत नाही, कारण पुन्हा फोन आला नाही. साडूभाऊंनी ज्या पुस्तकासाठी उभं आयुष्य थंडीत काढलं ते आता येईल असं मला वाटत नाही. त्यांना वाटतं की नाही, ते मी विचारत नाही.

श्रावणात अक्का आणि मी फैजपूरला गेलो. घरी कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "दोघं केंद्रावर हायेत." गेलो. थंड खोलीचं जड दार ढकलून आत शिरलो तर क्रेटच्या भिंतीआड टेबल, टेबलाशी साडूभाऊ, आणि त्यांच्यासमोर उपड्या क्रेटवर शाल लपेटून, डोक्याला नवऱ्याची कानटोपी घालून बेबी. चारी बाजूंनी हिरवी केळी. डबा द्यायला आली होती म्हणे. पण डबा रिकामा होता आणि ती बसलेलीच होती.

साडूभाऊ वाचून दाखवत होते. आमच्याकडे पाहून थांबले नाहीत. कॅप्टन धवल गेला होता. आता एका खेड्यात एक काळा माणूस उतरतो. लोकरीचे कपडे, चष्म्यावर वाफ, त्याला काही दिसत नाही आणि कुणाचं काही समजत नाही. गावची पोरं त्याच्याभोवती जमतात. आणि घरातून एक म्हातारी म्हणते, "पोरगा चांगला शे, पण काया शे."

एवढं वाचून ते थांबले. या वाक्यात सुधारायला काही नव्हतं, ते मुळाबरहुकूम होतं. बेबी वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "पुढे?"

"पुढचं मला येत नाही," साडूभाऊ म्हणाले. "त्या बायका आणखी काय काय बोलत होत्या, मले त्यातलं काहीच कळलं नव्हतं. मी आपला..." शेवटी 'शे' लावत गेलो, असं त्यांना म्हणायचं असावं. ते म्हणाले नाहीत. चाळीसेक कथा आणि एक कादंबरी लिहिलेल्या माणसाने पेन टेबलावर ठेवून दिलं.

अक्काने माझा हात धरला होता. मला अजूनही कळलेलं नाही की या सगळ्यात कोण कुणाचं देणं लागतं. भाषा घेता येते का, आणि एकदा घेतली तर आबा म्हणतात तशी परत कशी करायची. बेबी नवऱ्याकडे पाहत होती. फैजपूरला आल्यापासून ती त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलत आली होती आणि गेले काही महिने पुस्तकाच्या. आपल्या बोलीत त्यांना उद्देशून ती फैजपुरात कधी बोलली नव्हती. तिने कानटोपी कानांवरून वर सारली.

"लिखा," ती म्हणाली. "मी शे ना आठे."

साडूभाऊंनी पेन उचललं, पण लगेच लिहायला घेतलं नाही. आधी चष्मा काढला आणि स्वेटरच्या बाहीने पुसत बसले, पुन्हा घातला, पुन्हा काढून पुसला. चष्म्याच्या धंद्यात माझे केस पिकले, त्यामुळे एवढं मला पक्कं ठाऊक आहे की वाफ धरते ती बाहेर आल्यावर. आत, त्या थंड खोलीत, काचेवर कधी काही धरत नाही.